चार्जर इतका लहान कसा झाला?

पौष पौर्णिमेला मुरबाड तालुक्यात म्हसा येथे म्हसोबाची यात्रा भरते. तिथल्या बैलबाजारात आता बहुतेकांच्या खिशात मोबाइल असतो आणि त्याचा चार्जर तळहातावर मावतो. जुना रेडिओ बॅटरीऐवजी घरच्या विजेवर चालवणारा एलिमिनेटर मात्र चांगलाच जड असे.

फरक वारंवारितेचा आहे. घरची वीज सेकंदाला ५० आवर्तने करते. प्रत्येक अर्ध्या आवर्तनात ट्रान्सफॉर्मरच्या गाभ्यातले चुंबकत्व वाढत जाते. ते पेलायला लोखंडी गाभा मोठाच लागतो. आजचा चार्जर २३० व्होल्टची वीज आधी एकदिश करतो आणि ट्रान्झिस्टरने सेकंदाला लाखभर वेळा चालू-बंद करतो. चुंबकत्व वाढायला वेळच मिळत नाही, म्हणून फेराइटचा छोटा गाभा पुरतो.

मग वारंवारिता कितीही वाढवावी का? नाही. चालू-बंद होण्याच्या प्रत्येक क्षणी थोडी ऊर्जा उष्णतेत जाते, गाभाही तापतो. शिवाय प्रवाह तारेच्या पृष्ठभागाकडे सरकतो. तांब्यात ५० हर्ट्झला तो सुमारे ९ मिलिमीटर खोल शिरतो, तर लाख हर्ट्झला जेमतेम ०.२ मिलिमीटर. म्हणून बारीक तारांचा पीळ वापरतात. व्होल्टेज शून्यावर असतानाच ट्रान्झिस्टर चालू करणारी मंडले आणि गॅलियम नायट्राइडचे ट्रान्झिस्टर ही हानी आणखी घटवतात.

छोट्या डबीला उष्णता बाहेर टाकायला जागा कमी असते. त्यामुळे आधी कार्यक्षमता साधावी लागते, मगच आकार घटतो. अशा चार्जरवर बहुधा ‘१००–२४० व्होल्ट’ छापलेले असते. व्होल्टेज उतरले, तर ट्रान्झिस्टर चालू राहण्याचा वेळ वाढवून चार्जर भरपाई करतो. गावातल्या कमी-जास्त होणाऱ्या विजेवर हा गुण लहान आकाराहूनही मोलाचा आहे.