कुत्र्याचा विश्वास मोजायचा कसा?

'प्रेमाने शिकवलेला कुत्रा चांगला शिकतो,' असं बरेच प्रशिक्षक सांगतात. पण संशोधनाच्या आराखड्यात एवढ्यावर भागत नाही. मार खाल्लेला कुत्राही 'बस' म्हटलं की बसतोच ना! म्हणजे आज्ञा पाळली यावरून विश्वास कळत नाही.

पोर्तुगालमधल्या संशोधकांनी २०२० मध्ये ९२ पाळीव कुत्र्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. धाक-शिक्षेच्या वर्गांतल्या कुत्र्यांमध्ये ताणाची लक्षणं जास्त दिसली, प्रशिक्षणानंतर लाळेतलं कॉर्टिसोलही जास्त वाढलं. पण वर्ग मालकांनीच निवडलेले होते. कडक वर्ग निवडणारा मालक घरीही कडक असेल तर? इथे कारण ठामपणे सांगता येत नाही.

आयसर कोलकात्याच्या अनिंदिता भद्रा यांच्या गटाने २०१७ मध्ये वेगळी वाट दाखवली. रस्त्यावरच्या काही कुत्र्यांना अनोळखी माणसाने वारंवार खाऊ दिला, काहींना कुरवाळलं. कोणाला काय, हे संशोधकांनीच ठरवलं. खाऊपेक्षा मायेने विश्वास जास्त बसला.

बुलढाणा-खामगावच्या गल्लीतही असा प्रयोग जमेल. बिथरलेला कुत्रा 'सुधारला' असं लिहिण्याआधी ठरवा: किती अंतरावर थांबतो? हातातून खायला किती वेळ घेतो? हे आकडे प्रशिक्षणाआधीही घ्या, नाहीतर तुलना कशाशी करणार?