स्थलांतरापूर्वी वस्तीची पारख

नमुना पाहिल्यावाचून सौदा करू नये, हे धान्याच्या व्यापाऱ्यास लहानपणीच शिकविले जाते. पोत्याच्या तोंडाशी असलेला दाणा पाहून कोणी भाव ठरवीत नाही. वरचा, मधला आणि तळचा दाणा हातावर घेतल्यावरच बोली होते. परंतु याच व्यापाऱ्यावर गाव सोडून शहरी जाण्याचा प्रसंग आला, म्हणजे तो एखाद्या रविवारी जातो, दलालाने दाखविलेली दोन घरे पाहतो आणि सायंकाळी बयाणा देऊन परततो. शंभर पोती तूर घेताना आपण जी दक्षता बाळगतो, तितकीही पुढील पिढ्यांच्या वास्तव्याविषयी बाळगत नाही. यास्तव गेल्या वर्षभरात आम्ही जे पाहिले, ते बांधवांच्या उपयोगी पडेल या हेतूने येथे मांडीत आहोत.

आमचे इचोडा गाव आदिलाबाद आणि निर्मल यांच्या दरम्यान, नागपूर–हैदराबाद राष्ट्रीय महामार्गावर वसले आहे. कापूस, सोयाबीन, तूर, हरभरा आणि ज्वारी हा येथील माल. बाजारात तेलुगू, मराठी, गोंडी आणि बंजारा बोली एकाच वेळी कानी पडतात. १९५६ साली भाषावार प्रांतरचना झाली तेव्हा आदिलाबाद जिल्ह्यातील किनवट आणि राजुरा हे भाग मुंबई राज्यात गेले. इचोडा मात्र आंध्र प्रदेशात आणि २०१४ पासून तेलंगणात आहे. त्यामुळे आमच्यासारख्या मराठी घरांची सोयरीक एका राज्यात आणि पेढी दुसऱ्या राज्यात, ही स्थिती नवी नाही. नवी आहे ती मुलांच्या शिक्षणाची निकड. नातवंडे मोठी झाली. धाकट्या चिरंजीवांनी शहराचा विषय काढला, आणि तो टाळण्याजोगा नव्हता.

दोन मार्ग होते. हैदराबाद सुमारे पावणेतीनशे किलोमीटर, नागपूर सुमारे सव्वादोनशे. हैदराबादेस गेल्यास राज्य तेच राहते. वस्तू व सेवा कराची नोंदणी राज्यनिहाय असल्याने तेथे केवळ व्यवसायाचे आणखी एक ठिकाण नोंदवून भागते. नागपुरास गेल्यास महाराष्ट्राची स्वतंत्र नोंदणी आणि तेथील बाजार समितीचा परवाना, दोन्ही नव्याने घ्यावी लागतात. हिशेबाच्या दृष्टीने हैदराबादचे पारडे जड होते. परंतु आमच्या लेकी-सुना पैनगंगेपलीकडच्या. पांढरकवडा, वडकी, हिंगणघाट या वाटेवर आमचे सगेसोयरे. म्हणून प्रथम नागपूर पाहण्याचे ठरले.

पाहणी एकदाच करावयाची नाही, हे आम्ही आरंभीच निश्चित केले. वैशाखात गेलो, श्रावणात गेलो, मार्गशीर्षात गेलो, आणि चौथ्या खेपेस आठ दिवस राहिलो. प्रत्येक खेपेस सौभाग्यवती बरोबर होत्या. आम्ही बाजार पाहावा, त्यांनी वस्ती पाहावी, आणि रात्री दोघांनी आपापले टिपण ताडून पाहावे, असा क्रम ठेवला.

प्रथम इतवारी. नागपूरच्या व्यापाराचे हे जुने माहेरघर. मंदिरे पायी जाण्याच्या अंतरावर, व्यापारी ओळखीचे, हाक मारली तर चार दुकानांतून ओ यावी अशी वस्ती. वृद्ध माणसास येथे एकटेपणा वाटणार नाही. तथापि गल्ल्या अरुंद, घरे तीन-तीन मजल्यांची आणि जिने उभे. हातगाड्या आणि मालवाहू वाहने यांतून मुलांना शाळेत नेणे हे रोजचे दिव्य. सौभाग्यवतींचे गुडघे दुखरे, दुसऱ्या मजल्यावरील घर पाहून त्या खाली आल्या आणि इतकेच म्हणाल्या, “मन लागेल, पण पाय लागणार नाहीत.”

दुसरी पाहणी दक्षिणेस, मनीषनगर आणि बेसा या बाजूच्या नव्या वसाहतींची. हवा मोकळी, इमारती नव्या, उद्वाहकाची सोय. चिरंजीवांस हीच बाजू आवडली. परंतु धान्याचा मोठा बाजार कळमना येथे, म्हणजे शहराच्या ईशान्य अंगास. मार्गशीर्षात नागपुरास साडेपाचच्या सुमारास सूर्य मावळतो. सूर्यास्तापूर्वी भोजन करण्याचा ज्या घरी नियम आहे, त्या घरच्या माणसाने लिलाव आटोपून, वजने-पावत्या उरकून सबंध शहर ओलांडावे आणि वेळेत पानावर बसावे, हे कसे घडावे? आम्ही एके दिवशी चिरंजीवांस कळमन्याहून त्या वेळी निघावयास सांगितले. ते पोहोचले तेव्हा दिवे लागले होते. त्यावर वाद घालण्याची आवश्यकता उरली नाही. नियम मोडावा की डबा न्यावा, हा प्रश्न ज्याचा त्याने सोडवावा. पण घर घेण्यापूर्वी सोडवावा.

तिसरी बाजू लकडगंज आणि वर्धमाननगर यांची. रस्ते रुंद, मंदिर जवळ, कळमना थोड्या अंतरावर. डिसेंबर २०२२ मध्ये मेट्रोचा पूर्वेकडील मार्ग प्रजापतीनगरापर्यंत सुरू झाल्याने रेल्वे स्थानकाकडे जाणेही सुलभ झाले आहे. आपल्या समाजाची आणि गुजराती, मारवाडी व्यापाऱ्यांची घरे येथे बरीच. साहजिकच भाडे आणि किमती चढ्या. सर्व गोष्टी कागदावर जुळल्या, तरी आम्ही लगेच होकार दिला नाही, कारण पावसाची परीक्षा राहिली होती.

२३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे नागपुरात काही तासांतच शंभर मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला. अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदीस पूर आला आणि शहराच्या चांगल्या समजल्या जाणाऱ्या वसाहतींतही तळमजल्यावर पाणी शिरले. हैदराबादेने तर २८ सप्टेंबर १९०८ रोजी मुसी नदीचा जो कोप पाहिला, त्यानंतरच उस्मानसागर आणि हिमायतसागर हे जलाशय बांधले गेले. धान्याच्या व्यापाऱ्यास पाणी म्हणजे सर्वनाश. भिजलेले पोते पुन्हा धान्य होत नाही. म्हणून घर असो वा गोदाम, त्या पहाटे येथे पाणी कोठवर आले होते, हे दलालास न विचारता समोरच्या किराणा दुकानदारास, धोब्यास आणि पहारेकऱ्यास विचारावे. आम्ही श्रावणात भर पावसात गल्लोगल्ली फिरलो. एका गोदामाच्या भिंतीवर हातभर उंचीची ओलीची रेघ होती आणि तिच्यावर नवा रंग दिलेला होता. मालक विषय बदलू लागले. आम्ही नमस्कार करून निघालो.

सर्वांत मोलाची गोष्ट मात्र आम्हांस नव्हे, सौभाग्यवतींस गवसली. त्या दुपारी दोनच्या सुमारास मंदिरातून परतत असता एका वृद्ध भगिनीशी बोलणे झाले. त्या म्हणाल्या, “बाई, सकाळी सगळीच घरं भरलेली असतात. दुपारी कोण दार उघडतं ते पाहा.” आमच्या घरी या वाक्यावर फार विचार झाला. शहरात पुरुष बाजारात, मुले शाळेत, सून नोकरीत अथवा शिकवणीच्या धावपळीत. दिवसाचे आठ तास घरात उरते ते वृद्ध माणूस. इचोड्यात आमचे दार सकाळी उघडते ते रात्रीच मिटते. कोणी भाजी निवडावयास येते, कोणी ताक मागावयास येते. हे सुख कोणत्याही घराच्या जाहिरातीत लिहिलेले नसते. म्हणून शेवटच्या खेपेस आठ दिवस भाड्याच्या खोलीत राहून सौभाग्यवतींनी रोज दुपार कशी जाते तेच पाहिले. तीन दारे उघडली; बाकीची बंद राहिली. तीन हा आकडा पुरेसा आहे की नाही, यावर आमचे त्यांचे आजही एकमत नाही.

दुसरी न हलविता येणारी वस्तू म्हणजे पत. इचोड्याचा शेतकरी आमच्या अडतीत माल टाकून पावती न घेता चहास जातो, तो चाळीस वर्षांच्या देण्याघेण्यामुळे. ही पत मालमोटारीत भरून नेता येत नाही. नव्या बाजारात पहिली काही वर्षे रोखीने माल घ्यावा लागतो आणि उधारीने द्यावा लागतो. तेवढे भांडवल बाजूस असल्यावाचून जुनी पेढी बंद करणे धोक्याचे.

या सर्वांचा विचार करून आमच्या घरी निर्णय झाला तो असा. धाकटे चिरंजीव, सूनबाई आणि नातवंडे यांनी वर्धमाननगराच्या बाजूस अकरा महिन्यांच्या करारावर भाड्याने राहावे. थोरले चिरंजीव आणि आम्ही उभयतांनी इचोड्याची पेढी चालवावी. गावचे घर विकू नये. करार संपता दोन्ही ठिकाणचे रोजमेळ समोर ठेवून पुढचे ठरवावे. या निर्णयास किंमत आहे, ती आम्ही लपवीत नाही. एका चुलीच्या दोन चुली झाल्या. सायंकाळी पानावर चार माणसे कमी दिसतात, तेव्हा अन्नास चव राहत नाही. परंतु सर्वांनी एकदम जाऊन सर्वांनी एकदम पस्तावणे, यापेक्षा हे बरे.

बांधवांस थोडक्यात इतकेच सुचवावेसे वाटते. ऊन, पाऊस आणि थंडी अशा तिन्ही ऋतूंत वस्ती पाहावी. बाजारातून घरी येण्याचा वेळ घड्याळ लावून मोजावा. पुराचे पाणी कोठवर आले होते ते तेथील कष्टकऱ्यांस विचारावे. घरातील स्त्रिया आणि वृद्ध यांचे मत शेवटी नव्हे, आधी घ्यावे. आणि पहिले वर्ष भाड्याचेच असावे.

आपल्या संघटनेस एक नम्र सूचना. नागपूर, हैदराबाद, नांदेड अशा शहरांत आपले जे सभासद आहेत, त्यांपैकी नवागत कुटुंबास आठ दिवस आपल्या वस्तीत राहण्याची सोय करून देण्यास कोण तयार आहेत, याची एक यादी कार्यालयात ठेवावी. इचोड्यात येऊन गावाकडची बाजू पाहू इच्छिणाऱ्यांसाठी त्या यादीत आमचे नाव प्रथम लिहावे.

जय जिनेंद्र.