रकाना नसलेला खर्च

बँकेत असताना लेथसाठी कर्ज मंजूर करणं मला कधी जड गेलं नाही. यंत्र तारण ठेवता येतं. पण १९९४ साली भोसरीच्या एका वर्कशॉपवाल्याने मला पेचात टाकलं. "साहेब, लेथ आला. तो चालवणारं पोरगं तयार व्हायला वर्ष जातं. तो खर्च कुठल्या रकान्यात लिहू?" आमच्या फॉर्मात तसा रकानाच नव्हता.

शिकाऊ उमेदवारांचा कायदा १९६१ सालचा. त्यात सक्ती होती, २०१४ पर्यंत मालकाला कैदेची भीतीही होती. फिटर-टर्नरचं विद्यावेतन मात्र त्याच्याच खिशातून जाई. ऑगस्ट २०१६ मध्ये राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रोत्साहन योजना आली. ठरलेल्या विद्यावेतनाचा चौथा हिस्सा, महिना जास्तीत जास्त १५०० रुपये, केंद्र देणार. आधी मालकाने भरायचे, मग मागायचे. २०२३ पासून सरकारचा वाटा थेट मुलाच्या खात्यात जाऊ लागला. कागदांना कंटाळलेल्या छोट्या मालकाची तेवढीच सुटका!

परवा तो गृहस्थ भेटला. कामगार तिसाच्या आत, म्हणजे सक्ती नाही. तरी दोन शिकाऊ घेतलेले.

"एक शिकला आणि चाकणच्या मोठ्या कंपनीत गेला. पंधराशे मिळाले, नाही म्हणत नाही. पण सहा महिने मी त्याच्याशेजारी उभा राहिलो, माल वाया गेला, त्याचं काय?"

मोठ्यांचे कारागीर छोट्यांनी घडवायचे, हा हिशेब मलाही पटत नाही.

"आणि दुसरा?"

"आहे ना. उद्यापासून त्याला ड्रॉइंग वाचायला शिकवतोय."