जुन्या पेटीतली पेन्सिल

आगरदांड्याला आमच्या वाडीतल्या भजनी मंडळाची पेटी श्रावण संपत आला की उघडली जाते. रोह्याकडचे एक मिस्त्री गणपतीच्या आधी गावोगाव फिरतात, ते येतात, ओटीवर सतरंजी टाकतात आणि मळसूत्रं काढून वाटीत ठेवतात. या वर्षी मी शेजारीच बसून होतो. त्यांनी सुरांची फळी उचलून कलती केली तेव्हा आतल्या बाजूला, एरवी कुणाच्या नजरेला पडणार नाही अशा जागी, पेन्सिलीने लिहिलेल्या तीन ओळी दिसल्या. पहिली गुजराती अक्षरांत, सन 1958. दुसरी मराठीत, 1974, खाली नुसती आद्याक्षरं. तिसरी 1991 ची. मिस्त्री म्हणाले, "ही तिघं हिच्यावर जेवलेली माणसं."

हे वाक्य मला गेले काही दिवस सोडत नाही, कारण सध्या आमच्या खाडीच्या दोन्ही तीरांवर एकच विषय आहे: रोजगार. 28 ऑगस्ट 2024 ला केंद्रीय मंत्रिमंडळाने देशात 12 औद्योगिक शहरांना मंजुरी दिली. त्यांत समोरच्या काठावरचं दिघी आहे. बाराही शहरं मिळून दहा लाख थेट रोजगारांचा अंदाज सांगितला गेला. बंदर, रेवस-रेड्डी सागरी महामार्ग, आगरदांडा-दिघी पूल हे सगळं वाचकांनी वाचलेलंच आहे, ते पुन्हा सांगत नाही. मला प्रश्न पडतो तो वेगळा. माल बंदरात उतरला, विकला गेला, त्यानंतर त्या मालावर किती माणसं किती वर्षं जगतात? रोजगाराच्या आकड्यांत ही माणसं कधी धरली जात नाहीत. वाद्यांच्या धंद्यात तर बहुतेक माणसं हीच असतात, आणि हे आजचं नाही. पियानोचा बाजार पहिल्यांदा उभा राहिला तेव्हापासूनची ही गोष्ट आहे.

पियानो घडवला इटलीतल्या बार्तोलोमिओ क्रिस्तोफोरीने, 1700 च्या सुमारास, फ्लॉरेन्सच्या मेदिची दरबारात. त्याचे आज फक्त तीन पियानो शिल्लक आहेत. दरबारी वाद्याचा बाजार होत नाही. बाजार झाला लंडनला, साठ वर्षांनी, आणि तो केला योहानेस झुम्पे नावाच्या एका जर्मन सुताराने. बुर्कात शुडी या स्विस कारागिराच्या हार्पसिकॉर्डच्या, म्हणजे पियानोच्या आधीच्या पट्ट्यांच्या तारवाद्याच्या, कारखान्यात तो काम शिकला, 1761 मध्ये स्वतःचं दुकान थाटलं आणि काही वर्षांतच चौकोनी, टेबलाएवढा, मध्यम घरात मावेल आणि परवडेल असा पियानो बनवायला लागला. त्याचा आज उपलब्ध असलेला सर्वांत जुना चौकोनी पियानो 1766 चा आहे. तो काळ पाहिलेले संगीत-इतिहासकार चार्ल्स बर्नी यांनी नोंदवलंय की मागणी इतकी होती की झुम्पेला पुरवठा जमेना, आणि उरलेल्या गिऱ्हाइकांवर पोलमान नावाच्या दुसऱ्या जर्मन कारागिराचं दुकान चाललं.

पण नव्या पियानोसाठी घरात जागा करायची तर जुनं हार्पसिकॉर्ड कुठे ठेवायचं? इथे धंद्याची खरी मेख आहे. शुडीचा जावई जॉन ब्रॉडवुड हा मूळचा स्कॉटलंडचा सुतार. त्याच्या पेढीने जुनी वाद्यं बदल्यात घेतली, दुरुस्त करून पुन्हा विकली, भाड्याने दिली, घरी जाऊन सूर लावण्यासाठी माणसं ठेवली, आणि वाद्य एका घरातून दुसऱ्या घरात नेण्यासाठी हमाल ठेवले. एकदा वाद्य विकलं की गिऱ्हाइकाशी नातं संपलं असं ब्रॉडवुडने मानलं नाही. हार्पसिकॉर्ड बनवणं पेढीने 1793 मध्ये बंद केलं, पण आधी विकलेली हार्पसिकॉर्ड त्या वर्षी घराघरांतून नाहीशी झाली नव्हती. त्यांचे सूर उतरतच होते, आणि ते लावायला कुणीतरी जातच होतं.

पुढे 1842 च्या सुमारास ब्रॉडवुडचा कारखाना वर्षाला अडीच हजार पियानो काढत होता आणि लंडनमधल्या मोठ्या कारखानदारांत त्याची गणना होती. 1851 च्या लंडन प्रदर्शनात एका मोठ्या पियानोला कोणकोणते कारागीर लागतात याची यादी पेढीने दिली, ती चाळिसाच्या वर जाते. पट्ट्या करणारा वेगळा, हातोड्या करणारा वेगळा, हातोडीला कातडं लावणारा त्याहून वेगळा. मला ही यादी वाचताना आपल्या बलुत्यांची आठवण होते, कारण तिथेही सुताराचं काम लोहार करत नाही. फरक इतकाच की बलुतेदाराला वर्षानुवर्षं तेच घर पाहायला मिळायचं. कारखान्यातल्या कातडंवाल्याला आपली हातोडी पुढे कुणाच्या घरात वाजली ते कधी कळलं नसेल. ते कळायचं सूर लावणाऱ्याला.

जुन्या वाद्याचं मोल काय असतं याचं एक उदाहरण याच पेढीचं आहे. ब्रॉडवुडने 1817 अखेर बेथोव्हनला एक पियानो भेट पाठवला. तो जहाजाने त्रिएस्तला गेला, तिथून गाडीरस्त्याने व्हिएन्नाला. बेथोव्हन तेव्हा जवळजवळ बहिरा झाला होता. 1827 मध्ये तो गेल्यावर पियानो लिलावात निघाला, स्पिना नावाच्या प्रकाशकाने घेतला, त्याच्याकडून फ्रांझ लिस्टकडे आला आणि लिस्टने तो बुडापेस्टच्या राष्ट्रीय संग्रहालयाला दिला. कारखान्यातून पियानो एकदाच बाहेर पडला. पुढच्या प्रत्येक मुक्कामी मात्र त्याला उचलणारे, तारा बदलणारे आणि सूर लावणारे नवे हात लागले.

आता आपल्या किनाऱ्याकडे येऊ. पियानो मुंबईत आला तो गोऱ्या अधिकाऱ्यांबरोबर, मग पारशी आणि गोव्याच्या ख्रिस्ती घरांत गेला. धोबीतलावच्या फुर्ताडोंचं दुकान 1865 चं. या हवेत पियानो टिकवणं म्हणजे काय, हे कोकणात राहणाऱ्याला समजावून सांगायला नको. पावसाळ्यात आमच्या कपाटांची दारं फुगून बसतात, कुलपं गंजतात, चपलांना बुरशी येते. पियानोत शेकडो पोलादी तारा, सरसाने जोडलेलं लाकूड आणि लोकरीचा नमदा असतो. तारा गंजतात, सरस सुटतो, नमद्याला कसर लागते. म्हणून युरोपातले कारखाने गरम देशांसाठी वेगळे पियानो काढायला लागले, सांध्यांना सरसाबरोबर पितळी स्क्रू घातलेले. तरीही दर पावसाळ्यानंतर कुणीतरी यावंच लागे. मुंबईत हे काम मोठ्या प्रमाणात गोव्याच्या माणसांनी केलं. स्वातंत्र्यानंतर आयातीवर बंधनं आली तेव्हा नव्या पियानोची वाट अरुंद झाली आणि बाजार जुन्यावरच चालला. मायदेशी परतणाऱ्या कुटुंबांनी विकलेले, वाटण्यांत निघालेले पियानो खोलून, घासून, नमदा बदलून पुन्हा उभे राहिले.

पण महाराष्ट्राच्या गावागावांत गेली ती पेटी. पॅरिसच्या अलेक्सांद्र द्बॅंने 1840 च्या दशकाच्या सुरुवातीला हार्मोनियमचं पेटंट घेतलं. ते पायाने भाता हलवायचं, खुर्चीवर बसून वाजवायचं वाद्य होतं. कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोष यांनी 1875 मध्ये दुकान काढलं, आणि मांडी घालून, एका हाताने भाता मारून वाजवता येईल अशी पेटी घडवण्याचं श्रेय त्यांना दिलं जातं. पितळी सुराला गंज चढत नाही, तो तारेसारखा ताण सोडत नाही. होडीतून नेली, बैलगाडीत घातली, ओल्या देवळात ठेवली तरी पेटी वाजते. आमच्यासारख्या किनाऱ्यावर ती रुजली यात नवल नाही.

वाजते हे खरं, पण अखंड नाही. मिस्त्रींनी आमची पेटी खोलली तेव्हा भात्याच्या घडीत कातडं कुरतडलेलं होतं, झुरळांचं काम. साडेतीन सप्तकांच्या दुहेरी पेटीत 42 पट्ट्या आणि 84 सूर असतात. एकेक सूर म्हणजे पितळेच्या पट्टीवर एका टोकाला रिव्हेट मारून बसवलेली पातळ जीभ. त्यांनी एक सूर काढून माझ्या तळहातावर ठेवला, काडेपेटीतल्या काडीहून थोडा मोठा. मग कानसीचा एक हलका हात जिभेच्या मोकळ्या टोकाशी मारला. टोक हलकं झालं की सूर चढतो. बुडाशी, रिव्हेटच्या बाजूला घासलं की उतरतो. "दोनदा जास्त घासलं की सूर गेला, मग नवा घालायचा," ते म्हणाले. पुन्हा बसवून, भाता मारून, खर्जाच्या सुराशी मिळवून पाहिला. दोन सूर जरा वेगळे असले की आवाजात लाट येते, जवळ आले की लाट संथ होते, एक झाले की थांबते. त्यांचा कान त्या लाटेवर होता. दुपारभर ओटीवर हेच चाललं, आणि घरातली पोरं गोंधळ न घालता बघत बसली.

त्यांचं एक मत मला पुढे द्यायचं आहे. ते म्हणतात, जुनी पेटी दुरुस्त करून घ्या, नवी स्वस्तातली घेऊ नका. कारणही सांगतात. जुन्या पेटीचा साग चाळीस-पन्नास पावसाळे पिऊन स्थिर झालेला असतो, तो आता वाकत नाही. जुन्या पेट्यांत जर्मन किंवा पॅरिसचे सूर सापडतात, त्यांचं पितळ वेगळं, आवाज गोल. आज आपल्याकडचे बरेचसे सूर सौराष्ट्रातल्या पालिताण्याहून येतात, त्यांतही चांगले असतात, पण निवडून घ्यावे लागतात. मी संगीतातला जाणकार नाही. पण ज्या माणसाने आयुष्यभर पेट्यांच्या पोटात डोकं घातलंय त्याचं ऐकावं, असं मला मनापासून वाटतं. नवी पेटी खपली तर त्याला चार पैसे दलाली मिळू शकते, तरी तो जुनी राखायला सांगतो.

या धंद्याला मोठा आधार होता तो संगीत नाटकाचा. अण्णासाहेब किर्लोस्करांचं 'शाकुंतल' 1880 मध्ये पुण्यात रंगभूमीवर आलं आणि पुढची पन्नास वर्षं नाटक कंपन्या महाराष्ट्रभर फिरल्या. पायपेटी आणि ऑर्गन साथीला आले. कोल्हापूरच्या गोविंदराव टेंबे यांच्यासारखा पेटीवादक 1911 च्या 'मानापमान'चा संगीतकार झाला, आणि 1913 मध्ये बालगंधर्व आणि गणपतराव बोडस यांच्याबरोबर गंधर्व नाटक मंडळीचा भागीदार. कंपनीच्या सामानात ऑर्गन म्हणजे जड, नाजूक जिन्नस. रेल्वेत चढवा, उतरवा, पुढच्या मुक्कामी पुन्हा सूर तपासा. बोलपट आला आणि कंपन्या मोडल्या. टेंबे स्वतः 1932 च्या 'अयोध्येचा राजा'त हरिश्चंद्र झाले, संगीतही त्यांचंच. त्यांच्यासारख्याला पडद्यावर जागा मिळाली. ऑर्गनची दुरुस्ती करणाऱ्याला ती कुठून मिळणार? पण ऑर्गन राहिले. गोव्यात आणि दक्षिण कोकणात हौशी मंडळी जत्रांतून आजही संगीत नाटकं करतात आणि साथीला ऑर्गन लागतो. पुष्कळदा तो वादकापेक्षा वयाने मोठा असतो.

मग आकाशवाणीची बंदी. 1 मार्च 1940 पासून रेडिओवर हार्मोनियम बंद झाली. श्रुती दाखवता येत नाहीत, मींड निघत नाही, म्हणून हे परकं वाद्य नको, असा युक्तिवाद होता. टागोरांनाही ती नको होती. बंदी सैल व्हायला 1971 उजाडलं. युक्तिवादात तथ्य आहे, पेटीत सूर ठरलेले असतात, दोन सुरांमधून घसरत जाता येत नाही. पण एकतीस वर्षं साथीदारांच्या एका पिढीला सरकारी मानधनापासून दूर ठेवणं हा अन्याय होता, असंच मी म्हणेन. त्या काळात पेटी जगवली ती भजनी मंडळांनी, कीर्तनकारांनी, गिरणगावातल्या खोल्यांत रात्री जमणाऱ्या कोकणी माणसांनी. त्यांना रेडिओची परवानगी लागत नव्हती. आमच्या पेटीतली 1958 ची गुजराती ओळ बंदीच्या ऐन मध्यातली आहे. रेडिओवर बंद असलेलं वाद्य कुणीतरी मन लावून दुरुस्त करत होतं.

म्हणून दिघीच्या रोजगारांची चर्चा ऐकताना मला काही मागावंसं वाटतं. प्रशिक्षणाच्या याद्यांत क्रेनचालक, वेल्डर, गोदाम-व्यवस्थापक असतील, असायलाच हवेत. हे शिकवणाऱ्या आयटीआयमध्येच दहा मुलांना वाद्यदुरुस्तीही शिकवा. सुतारकाम, कातडं, पितळ आणि कान, चारही गोष्टी लागणारा हा धंदा आहे. यंत्रं याला फार लागत नाहीत. रायगड-रत्नागिरीत भजनी मंडळ नाही असं गाव शोधावं लागेल, आणि जवळजवळ प्रत्येकाकडे एक जुनी पेटी आहे. मिस्त्रींचं वय सत्तरीपुढे गेलंय. त्यांचा मुलगा पनवेलला एका कंपनीत आहे, सुखात आहे, आणि त्यांना त्याचं समाधानही आहे. मी विचारलं, तुमच्यानंतर कोण? त्यांनी उत्तर दिलं नाही, कानस पुसली.

संध्याकाळी भरतीच्या वेळी शेवटच्या फेरीबोटीने ते दिघीला जाणार होते, तिकडेही दोन मंडळं वाट पाहत होती. सुरांची फळी बसवण्याआधी त्यांनी माझ्या पुतण्याकडे पेन्सिल मागितली. शाळेची, टोकाला रबर असलेली. तिसऱ्या ओळीखाली त्या दिवसाची तारीख घातली, नाव लिहिलं, आणि खाली थोडी जागा सोडून फळी बंद केली.