जहाजाच्या पोटातली जागा

वस्तुसंग्रहालयात काचेच्या पेटीत ठेवलेले शिडाचे जहाज आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिले असेल. खऱ्या जहाजाच्या प्रमाणात, फूट-इंचाचा हिशेब सांभाळून लाकडात घडवलेली ती प्रतिकृती असते. डोलकाठ्या, दोरखंड, तोफा, सारे हुबेहूब. कारागिराचे कसब पाहून माणूस थक्क होतो. पण अशा प्रतिकृती बहुधा जहाजाच्या धन्याचा, नाही तर राजाच्या आरमाराचा डौल मिरवण्यासाठी घडवल्या गेल्या. जहाजाच्या पोटात कोण होते, हे त्या सांगत नाहीत.

इंग्लंडमधल्या हल या शहरात विल्यम विल्बरफोर्स यांच्या जन्मघरात आज संग्रहालय आहे. तिथे एक निराळी प्रतिकृती आहे. ती १७९०च्या सुमाराची आहे, लाकडाचीच आहे, हातानेच बनवलेली आहे. पण पाहणाऱ्याने तिच्या आत पाहावे म्हणून ती बनवली गेली. आतल्या तक्तपोशीवर ओळीने निजवलेल्या माणसांच्या छापील आकृत्या चिकटवल्या आहेत. गुलामांचा व्यापार बंद करा, असे पार्लमेंटला सांगताना विल्बरफोर्स यांनी ती सभासदांपुढे ठेवली होती.

या जहाजाचे नाव ब्रूक्स. ते १७८१ साली लिव्हरपूलला पाण्यात उतरले. आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर माणसे विकत घ्यायची आणि अटलांटिक महासागर ओलांडून जमैकात मळेवाल्यांना विकायची, हा त्याचा धंदा. १७८८ साली सरकारने कॅप्टन पॅरे या आरमारी अधिकाऱ्याला लिव्हरपूलला पाठवून अशा जहाजांची मापे घेतली. त्या यादीत पहिले नाव ब्रूक्सचे होते. थॉमस क्लार्कसन आणि त्यांचे सहकारी गुलामांच्या व्यापाराविरुद्ध झटत होते. त्यांनी यादीतले हे पहिलेच जहाज घेतले. मुद्दाम वाईटातले वाईट शोधून काढले, असे व्यापाऱ्यांना म्हणता येऊ नये, हा त्यामागचा विचार. प्लिमथच्या समितीने १७८८च्या अखेरीस त्याचा नकाशा छापला, लंडनच्या समितीने १७८९ साली तो वाढवून घराघरांत पोहोचवला. प्रतिकृती त्या नकाशावरून आली.

आता मापे पाहू. पुरुषाला ६ फूट लांब आणि १ फूट ४ इंच रुंद जागा. स्त्रीला लांबी ५ फूट १० इंच, रुंदी तितकीच. मुलाला ५ फूट बाय १ फूट २ इंच. मुलीला साडेचार फूट बाय १ फूट. दोन तक्तपोशींमधली उंची ५ फूट ८ इंच. तीही पुरी नाही, कारण दोन्ही बाजूंना मध्यावर फळ्यांचे माळे ठोकून त्यांवर आणखी माणसे निजवलेली. म्हणजे डोक्यावर राहिली जागा सुमारे २ फूट ७ इंच. ताठ बसताही येऊ नये इतकी.

हे आकडे वर्गात नुसते वाचून दाखवले तर मुले वहीत उतरून घेतात आणि विसरतात. म्हणून एकदा मी खडूने फरशीवर चौकट आखली. सोळा इंच म्हणजे पावणेदोन विती, एक हातही पुरा नाही. एक मुलगा हसत हसत त्यात आडवा झाला. त्याचा खांदा रेषेबाहेर गेला. शेजारी दुसरी चौकट आखली तेव्हा दुसऱ्याला निजायला जागाच उरली नाही. मग हसणे थांबले. प्रतिकृतीचे काम हेच. आकडा डोक्यात राहतो, माप अंगाला लागते.

आणि हे माप तर बेकायदेशीर जहाजाचेही नव्हते. १७८८ साली डॉल्बेन यांच्या कायद्याने जहाजावर किती माणसे भरावीत याची मर्यादा घातली. त्यानुसार ब्रूक्सला ४५४ माणसे न्यायची मुभा होती, आणि नकाशा त्याच बेताने काढला होता. कायद्यापूर्वीच्या एका सफरीत याच जहाजाने ६०९ माणसे नेली होती: ३५१ पुरुष, १२७ स्त्रिया, ९० मुलगे, ४१ मुली. जहाजावर डॉक्टर म्हणून गेलेल्या थॉमस ट्रॉटर यांनी पार्लमेंटच्या समितीपुढे सांगितले की, त्या माणसांमधून चालायचे तर कोणाच्या तरी अंगावर पाय पडल्यावाचून राहत नसे. प्रतिकृती पाहून ज्यांना धक्का बसला, त्यांनी सुधारलेली परिस्थिती पाहिली होती! कायद्याने अन्यायाला शिस्त लागते तेव्हा तो संपत नाही, हे यातून उमगावे.

क्लार्कसन १७८९ साली पॅरिसला गेले. तिथे मिराबो या क्रांतिकाळातील पुढाऱ्याने सुताराकडून अशीच तीन फूट लांबीची लाकडी प्रतिकृती करवून घेतली. आत काळ्या रंगाची लहान लहान लाकडी माणसे बसवली आणि ती आपल्या जेवणघरात ठेवली. या दोन्ही प्रतिकृतींची ताकद एकच: व्यापाऱ्याने जागा मोजली ती नफ्यासाठी; त्याच मापाने त्याच्याविरुद्ध साक्ष उभी राहिली.

परंतु या साक्षीची मर्यादाही ओळखली पाहिजे. त्या आकृत्यांना चेहरा नाही, नाव नाही, बोली नाही. सगळे निमूट निजलेले. पाहणाऱ्याच्या मनात दया उपजावी एवढेच त्यांचे काम. खरी माणसे अशी निमूट नव्हती. नकाशा फिरत होता त्याच १७८९ साली, स्वतः गुलामी भोगून मोकळे झालेल्या ओलाउदा इक्विआनो यांनी आपले आत्मकथन प्रसिद्ध केले. १७९१च्या एप्रिलमध्ये विल्बरफोर्स यांचा ठराव ८८ विरुद्ध १६३ मतांनी पडला. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये आजच्या हैतीतील गुलामांनी बंड उभारले आणि १८०४ साली स्वतःचे राष्ट्र स्थापन केले. ब्रिटनने व्यापार बंद केला १८०७ साली. गुलामी संपवणारा कायदा १८३३ साली झाला, तेव्हा दोन कोटी पौंड भरपाई मिळाली ती मालकांना. गुलामांना एक छदामही नाही.

जोतीराव फुले यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती अमेरिकेतील गुलामांना दास्यातून मोकळे करणाऱ्या लोकांना. आपल्या देशबांधवांनी हा कित्ता गिरवावा, ही त्यांची इच्छा. गुलामी आणि अस्पृश्यता एक नव्हेत, हेही बाबासाहेबांनी बजावले आहे: गुलामाच्या जगण्यात धन्याचा निदान स्वार्थ असतो, अस्पृश्य जगला काय अन् मेला काय, त्याची जबाबदारी कोणावरच नसते. म्हणून ब्रूक्सची प्रतिकृती जशीच्या तशी आपल्यावर लावता येणार नाही. पण तिची रीत घेता येईल.

माणसाने गटारात उतरून मैला काढू नये म्हणून १९९३ आणि २०१३ साली कायदे झाले; तरी माणसे उतरतात आणि आत गुदमरून मरतात. आपल्या कार्यकर्त्यांनी त्या मॅनहोलचे तोंड मोजावे, खोली मोजावी, त्या मापाची चौकट वर्गात, सभेत, कचेरीच्या दारात आखावी. आणि तिच्याशेजारी आत उतरून परत आलेल्या माणसाला उभे करावे. माप आपण सांगू. बाकीचे त्याने सांगावे, त्याच्या नावानिशी.