संसाराचें ऋतुचक्र आणि गृहिणीची वही

लोणावळ्याचा पाऊस पाहुण्यांस मौजेचा वाटतो. घाटमाथ्यावर वर्षास सरासरी चार हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, आणि भुशी धरणावर जमणाऱ्या मंडळींस त्याचा आनंदच होतो. परंतु वलवण-तुंगार्लीकडील एखाद्या एकत्र कुटुंबांतील आईस हाच पाऊस म्हणजे न वाळणारीं दुपटीं, धाकट्याचा खोकला, थोरल्याची नुकतीच सुरू झालेली शाळा आणि पाठोपाठ येणारीं व्रतवैकल्यें होत. पुढें गौरी-गणपति, दिवाळी, संक्रांतीचीं हळदीकुंकवें, उन्हाळ्यांत पापड-कुरडयांचीं वाळवणें, माहेरवाशिणींचीं बाळंतपणें! हें चक्र दरसाल फिरतें, तरी त्याचा थकवा दरसाल नवाच भासतो. “आतां माझ्यानें होणार नाहीं” असें जिला आषाढांत वाटतें, तिला तें गतवर्षींहि वाटलें होतें आणि भाद्रपदांत तीच उत्साहानें गौरी सजवीत होती, हें ती साफ विसरलेली असते.

मन मोकळें करण्याची युक्ति मावळच्या बायकांस अक्षरओळख नसतांनाहि साधली होती. पहाटे जात्यावर बसून त्या लेकीचें सासर, भावाची वाट, पुत्राचें कौतुक आणि स्वतःचे कष्ट ओव्यांतून गात. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनीं १९८० नंतरच्या दशकांत मुळशी-मावळच्या डोंगराळ भागांतून ह्या ओव्या टिपण्यास आरंभ केला. पुढें इतर जिल्ह्यांतूनहि भर पडून संग्रह एक लाखाच्या वर गेला, आणि २०१७ सालीं ‘पीपल्स आर्काइव्ह ऑफ रुरल इंडिया’नें तो प्रसिद्ध करण्यास आरंभ केला. गिरणी आली आणि जातें उठलें. श्रम वांचले हें उत्तमच झालें. पण जात्याच्या घरघरींत कोणास न दुखवितां बोलण्याची सोय होती, तीहि त्याबरोबर गेली.

आपल्या सुशिक्षित घरांत ती जागा लेखणीनें घ्यावी. रमाबाई रानडे यांच्या आठवणी १९१० सालीं आणि लक्ष्मीबाई टिळकांचीं ‘स्मृतिचित्रें’ १९३४ सालापासून प्रसिद्ध झालीं. तीं पुस्तकें थोर खरीं. परंतु तें उत्तरवयांत मागें वळून, वाचकांसाठीं केलेलें लेखन आहे. येथें अभिप्रेत वही निराळी. तींत भाषा शुद्ध नसली तरी चालेल.

अमेरिकेंतील मानसशास्त्रज्ञ जेम्स पेनेबेकर आणि सँड्रा बील यांनीं १९८६ सालीं एक प्रयोग प्रसिद्ध केला. कांहीं विद्यार्थ्यांस ओळीनें चार दिवस, रोज पंधरा मिनिटें, मनास लागलेल्या प्रसंगांविषयीं लिहावयास सांगितलें. ज्यांनीं घटना व भावना दोन्ही लिहिल्या, त्यांस लिहितांच अधिक खिन्न वाटलें. मात्र पुढील महिन्यांत त्यांचें दवाखान्यांत जाणें कमी झालें. नंतरच्या अनेक प्रयोगांचा एकत्र विचार करतां हा गुण लहानच ठरला. तेव्हां वहीस रामबाण मानूं नये, आणि लिहून रडूं आलें म्हणून ती टाकूंहि नये.

खरी अडचण एकत्र कुटुंबांतच आहे. सुनेची वही लपावी कोठें? सासूबाईंविषयीं लिहिलेली एक ओळ जावेच्या हातीं पडली, तर जन्माचा दुरावा! आमच्या मतें वही न उघडणें हा घरांतील इतरांचा धर्म आहे, आणि तो सर्वप्रथम पतीनें पाळावा. तोंपर्यंत एक उपाय सुचवितों. घरखर्चाची वही बहुतेक गृहिणी ठेवतातच. गौरीच्या नैवेद्यास काय लागलें, वाणांस किती खर्च आला, ह्या यादीखालीं तिथि घालून दोन ओळी लिहाव्यात: मुलास ताप कधीं आला, डॉक्टरांनीं काय दिलें, आणि स्वतःस कसें वाटलें. बेरजेपलीकडे ती वही सहसा कोणी पाहत नाहीं. रागाचा कागद मात्र निराळा असावा आणि लिहून झाल्यावर चुलींत जावा. (चूल गेली असल्यास फाडावा!)

दुसऱ्या वर्षीं नवीं सामानाची यादी करतांना जुनें पान आपोआप उघडतें. “खोकला तीन आठवडे, झोप नाहीं, जीव नकोसा” अशी ओळ व तिच्याखालीं श्रावणांतली “आज मंगळागौरीस हसूं आवरेना” अशी दुसरी! त्या दोन ओळी आईस जें सांगतात, तें घरांतील वडील माणसांनीं कितीहि समजावलें तरी पटत नाहीं.

बाळंतपणानंतरची उदासी मात्र वेगळी समजावी. पहिल्या दोन आठवड्यांतलें रडूं बहुधा ओसरतें. पण वहींत त्यापुढेंहि रोज तीच निराशा उतरत असेल, किंवा स्वतःच्या अथवा बाळाच्या जिवाविषयीं अमंगळ विचार येत असतील, तर लाज न धरतां, त्याच दिवशीं, वही घेऊन डॉक्टरांकडे जावें, आणि घरच्यांनीं बरोबर चलावें.