नाव बदलले; जुना मजकूर सापडेल का?

औरंगाबादचे नाव २०२३ मध्ये अधिकृतरीत्या छत्रपती संभाजीनगर झाले. त्यामुळे शहराविषयीचा मजकूर संगणकावर शोधताना दोन्ही नावे द्यावी लागतात. मजकूर युनिकोडमध्ये असल्यास हे काम क्षणाचे. जुन्या फाँटमधील फायलींत मात्र ‘औरंगाबाद’ हा शब्द डोळ्यांना दिसतो, संगणकाला सापडत नाही.

या फाँटमध्ये रोमन अक्षरांच्या सांकेतिक क्रमांकांवर देवनागरीचे आकार बसविलेले असत आणि त्यांची मांडणी कंपनीगणिक निराळी असे. फाँट नसल्यास पडद्यावर निरर्थक रोमन चिन्हेच उमटतात. युनिकोडने १९९१ मधील पहिल्याच आवृत्तीत देवनागरीला स्वतंत्र क्रमांक दिले.

जुन्या फायली युनिकोडमध्ये आणणाऱ्या प्रोग्रॅमला मूळ फाँटची मांडणी ठाऊक असावी लागते. ती कंपनीपुरतीच राहिली, तर कंपनीबरोबर मजकुराची किल्लीही हरवते. सॉफ्टवेअर विकसक ओपन सोर्सचा आग्रह धरतात तो यासाठीच. रेड हॅटचा ‘लोहित’ २०११ पासून मुक्त फाँट परवान्याखाली आहे; मुंबईच्या ‘एक टाइप’चा ‘मुक्ता’ही तसाच. असे फाँट कोणीही तपासू, सुधारू आणि वाटू शकतो.

नवा फाँट घेतल्याने जुनी फाईल मात्र वाचता येत नाही. जुने फाँट आणि त्यांचे जाणकार हाताशी आहेत, तोवरच रूपांतर उरकणे शहाणपणाचे ठरेल.